पुठ्ठ्याचा रामशेज: घरातल्या वस्तूंतून युद्धखेळाचे मैदान

२०२४ च्या दिवाळीत आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीच्या सभागृहात रामशेज किल्ल्याच्या वेढ्याचा युद्धखेळ मांडला होता. चार फूट लांब आणि चार फूट रुंद अशा त्या मैदानावरचा डोंगर, तट, झाडे, गवत, पाण्याची टाकी आणि मोगलांचा लाकडी दमदमा, म्हणजे मारा करण्यासाठीचा उंच मनोरा, हे सारे मी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात घरातल्या आणि घराच्या आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून तयार केले. सुरुवातीला या कामाविषयी जे जे शोधून वाचले, ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी तिथल्या हवेसाठी, तिथल्या दुकानांसाठी आणि तिथल्या हिरव्यागार कुरणांसाठी लिहिलेले होते. आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा किती दिवसांत वाळतो, सह्याद्रीचे उन्हाने पिवळे पडलेले गवत कशाचे करावे आणि सभागृह मिळवण्यासाठी कोणते कागद जोडावे लागतात, हे त्यात कुठेच नव्हते. ज्यांना असे काही करायचे आहे त्यांच्यासाठी ही हकीकत घडली त्या क्रमाने लिहीत आहे.

टेबलावरच्या युद्धखेळात दोन्ही बाजूंचे छोटे सैनिक मांडलेले असतात, ते मोजपट्टीने ठरावीक इंचच पुढे सरकवता येतात आणि तोफेचा किंवा बंदुकीचा नेम लागला की नाही हे फाशांवर ठरते. या खेळात जमीन केवळ शोभेसाठी नसते. चढावर सैनिक अर्ध्या वेगाने चालतो, झाडीमागे असला तर त्याला आडोसा मिळतो आणि तटामागे असला तर आणखी मोठा मिळतो. म्हणून या छंदातले लोक ज्याला ‘टेरेन’ म्हणतात तो देखावा दिसायला चांगला असून भागत नाही. त्यावर सैनिक उभा राहिला पाहिजे, मोजपट्टी टेकली पाहिजे आणि दहा जणांचे हात फिरूनही काही तुटता कामा नये. दिवाळीतल्या अंगणातल्या किल्ल्यात आणि यात हाच मोठा फरक आहे, कारण तो किल्ला आपण लांबून पाहतो आणि यावर वाकून खेळावे लागते.

हा खेळ आमच्या घरात भाच्याने आणला. तो पुण्यात शिकत असताना मित्रांबरोबर खेळत असे आणि सैनिक रंगवण्यात त्याचा हातही चांगला आहे, परंतु त्याची लढाई नेहमी जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या हिरव्या चादरीवर होत असे. मार्चअखेरीस तो म्हणाला, “मावशी, सैनिक माझे, जमीन तुझी.” लढाई कोणती हा प्रश्न फार वेळ चालला नाही. नाशिकपासून पंधरा किलोमीटरच्या आत, आशेवाडी गावाच्या डोक्यावर रामशेज उभा आहे. १६८२ मध्ये औरंगजेबाने आपला सरदार शहाबुद्दीन खान याला मराठ्यांच्या या किल्ल्यावर पाठवले आणि काही दिवसांत पडेल असे वाटलेला हा लहानसा किल्ला सुमारे साडेपाच वर्षे झुंजला. तटावर मारा करता यावा म्हणून मोगलांनी लाकडाचा उंच दमदमा उभारला आणि किल्ल्यातल्या लोकांनी लोखंडी तोफांच्या अभावी लाकूड आणि कातडे यांवर भागवले, हे वर्णन मोगल इतिहासकार खाफीखानाच्या तवारिखेमुळे सर्वज्ञात झाले आहे. लाकूड, कातडे, दगड आणि वाळलेले गवत एवढेच ज्या लढाईचे सामान आहे, ती घरातल्या वस्तूंतून उभी करणे शक्य होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रथम प्रमाण ठरवले. भाच्याचे सैनिक १:७२ प्रमाणाचे, म्हणजे साधारण २४ मिलिमीटर उंचीचे आहेत. त्या हिशेबाने पाच मीटर उंचीचा तट ७ सेंटिमीटरचा होतो आणि दहा मीटरचे झाड १४ सेंटिमीटरचे. परंतु संपूर्ण डोंगर त्याच प्रमाणात करायचा म्हटला तर सभागृहाचे छप्परच आड येईल. म्हणून या खेळात दोन प्रमाणे एकाच वेळी नांदतात: माणसे, घरे आणि झाडे एका प्रमाणात, तर अंतरे त्याहून पुष्कळ लहान प्रमाणात. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने जो युद्धखेळ स्वीकारला तो १:८००० प्रमाणाच्या नकाशावर खेळला जाई आणि त्यात सैन्याच्या तुकड्या म्हणजे नुसते ठोकळे असत. माणसांच्या आकाराची हौस आली की ही तडजोड करावीच लागते. आम्ही झाडे ९ ते १० सेंटिमीटरांपर्यंतच ठेवली, डोंगर ३० सेंटिमीटर उंच केला आणि तटाला मात्र त्याची खरी उंची दिली.

डोंगराचा आकार मनाने काढण्याऐवजी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उतरवून घेतला. नोंदणीला भ्रमणध्वनी क्रमांक आणि ओळखीचा तपशील द्यावा लागला, नकाशाला पैसे पडले नाहीत. या नकाशावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, असते. रामशेज त्यावर नखाएवढा दिसतो, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानात तो भाग पुन्हापुन्हा मोठा करून घ्यावा लागला. त्याचे ६० रुपये झाले आणि दुकानदाराने शेवटी विचारले, “ताई, प्लॉटचं काही भांडण आहे का?” मोठ्या केलेल्या रेषा जाड आणि फुटक्या येतात; त्यांवर ट्रेसिंग कागद ठेवून स्केचपेनाने एकच स्वच्छ रेषा ओढून घ्यावी.

त्याच महिन्यात दिंडोरी तालुक्यातल्या मामांच्या मळ्यात द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली मोठी छाटणी, चालू होती. झाडांच्या खोडांसाठी परदेशातले लोक तार पिळतात किंवा तयार सांगाडे विकत घेतात, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये बांधावर त्याहून उत्तम माल जाळण्यासाठी पडलेला असतो. नव्या सरळ काड्या या कामाच्या नाहीत. जुने, वाळलेले ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड आडवे फाटे, काढून टाकलेले असतात, त्यांची टोके आणि गाठी घ्याव्यात. त्यांची साल उभी सुटते आणि वळणे अशी असतात की चार इंचांचा तुकडा उभा केला तरी शंभर वर्षांचा वृक्ष वाटतो. मामांनी बजावून सांगितले की वर्षभराच्या फवारण्यांचा अंश सालीवर असतो, म्हणून हातमोजे घालूनच गोळा करायचे आणि घरी आणल्यावर साबणाच्या पाण्यात घासायचे. मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीची निळसर झाक धुतल्यावरही काही ठिकाणी राहते, ती रंगाखाली झाकली जाते. धुतलेले तुकडे गच्चीवर मे महिनाभर वाळवले. मामांच्या शेडमधून द्राक्षांची मोडकी खोकीही मिळाली, आणि पुढे ती ओलांड्यांपेक्षाही मोलाची ठरली, कारण डोंगराचा पुठ्ठा त्यांतूनच निघाला.

मे महिन्यात डोंगर उभा राहिला. डोंगर म्हटले की थर्माकोल हे उत्तर सगळीकडे मिळते, परंतु महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी पुठ्ठाच निवडला असता. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेला आहे. त्याच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात आणि मधूनमधून गवताच्या अरुंद पायऱ्या असतात. पुठ्ठ्याचे तुकडे समोच्च रेषांप्रमाणे कापून एकावर एक चिकटवले की हीच रचना आपोआप तयार होते. थर्माकोल कोरून ती आणायची म्हटली तर दुप्पट मेहनत पडते.

पायासाठी ६ मिलिमीटरच्या प्लायवूडचे चार बाय दोन फुटांचे दोन तुकडे घेतले आणि खालून लाकडी पट्ट्यांची चौकट मारून घेतली. सुताराने सारे मिळून ८५० रुपये घेतले. एकच मोठा पाट करू नये, कारण तो लिफ्टमध्ये जात नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो. पुठ्ठ्याचे थर आतून सलग भरण्याची गरज नसते. कडेला चार बोटे रुंदीचा पट्टा आणि आत उभे आधार दिले तरी वजन पेलते आणि डोंगर एकट्या माणसाला उचलता येतो. थर चिकटवताना दोन थरांच्या कडा बरोबर जुळवू नयेत. जिथे कडा हवा तिथे त्या जवळ ठेवाव्यात, आणि जिथून हल्लेखोर चढणार तिथे प्रत्येक थर किमान ३ सेंटिमीटर मागे घ्यावा, म्हणजे २ सेंटिमीटरच्या चकतीवर उभा केलेला सैनिक त्या पायरीवर मावतो. उतार तीस अंशांपेक्षा तीव्र झाला की सैनिक घसरतात, म्हणून मी एक सैनिक सतत खिशात ठेवून प्रत्येक पायरीवर उभा करून पाहत असे.

आतल्या थरांना मैद्याची खळ वापरली. त्यात पुस्तकबांधणीवाले घालतात तसे चिमूटभर मोरचूद घातले, म्हणजे झुरळे आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी असल्याने खळ शिजवण्याचे भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये आणि लहान मुलांना त्या कामात घेऊ नये. वरच्या थरांना फेव्हिकॉल. ओला पुठ्ठा नेहमी ओल्या बाजूने फुगून वाकतो, म्हणून एका बाजूला खळ लावली की दुसऱ्या बाजूवरूनही ओला फडका फिरवावा आणि रात्रभर वर गव्हाचे डबे ठेवावेत.

कड्यांचा खडबडीत पृष्ठभाग अंड्यांच्या ट्रेपासून केला. आमच्या घरात अंडी येत नाहीत, पण कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याने ट्रेची थप्पी फुकट दिली. ट्रे रात्रभर भिजवून लगदा करायचा, पिळून त्यात फेव्हिकॉल आणि भिंतीची पुट्टी कालवायची आणि कड्यावर थापून सुकण्यापूर्वी चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने दाबायचे; फॉइलच्या सुरकुत्या खडकाच्या भेगांसारख्या उमटतात. लगदा मिक्सरमध्ये झटपट होतो, परंतु मिक्सर हा शब्द काढताच सासूबाईंनी चटणीचे भांडे उचलून वरच्या फडताळात ठेवले. “आई, जुनं भांडं आहे ना ते,” असे म्हणून पाहिले, त्यावर “जुनं आहे म्हणूनच ते टिकलंय,” असे उत्तर मिळाले. शेवटी जुन्या बाजारातून १५० रुपयांना एक भांडे आणले आणि त्यावर लाल रंगाने फुली मारली. ज्यांच्या घरी स्वयंपाकघर एकच आहे त्यांनी हा खर्च सुरुवातीलाच धरावा.

मेच्या उन्हात थापलेला लगदा तीन दिवसांत खडखडीत झाला. जूनच्या मध्यावर पाऊस आल्यानंतर त्याच जाडीच्या लगद्याला पंधरवडा लागू लागला आणि तोवर वर पांढरी बुरशी धरण्याचा धोका. पावसाळ्यात मोठी ओली कामे करूच नयेत, असे माझे मत झाले आहे. जून ते ऑगस्ट या काळात मी तट, झाडे आणि लहान वस्तू हातात घेतल्या, ज्या टेबलपंख्याखाली एका रात्रीत वाळतात.

तटाला जाड पुठ्ठ्याचा सांगाडा आणि त्यावर अंड्यांच्या ट्रेचे कापलेले दगड. ट्रेच्या सपाट भागातून कात्रीने लहानमोठे चौकोन कापायचे, कोपरे नखाने दाबून बोथट करायचे आणि चिमट्याने एकेक चिकटवायचे. हे काम संथ आहे आणि त्याला पर्याय नाही. छापील दगडी नक्षीचा कागद चिकटवून पाहिला तर तो दोन फुटांवरूनही कागदच दिसतो. मोठे दगड खाली, लहान वर आणि वरच्या रांगेतला सांधा खालच्या दगडाच्या मध्यावर, एवढा नियम पाळला की तट खरा वाटतो. जुलैतल्या संध्याकाळी टीव्हीवर बातम्या चालू असत आणि मी दगड लावत असे. सासूबाई कधी समोर येऊन बसल्या आणि दगड कापून देऊ लागल्या ते लक्षातही आले नाही.

गवत आणि माती यांवर सर्वांत जास्त विचार झाला. बाजारात मिळणारे कृत्रिम गवत आयात केलेले असते आणि त्याचा हिरवा रंग आपल्याकडे श्रावणातसुद्धा क्वचित दिसतो. आम्ही वेढ्याचा हंगाम पावसाळ्यानंतरचा धरला होता, म्हणजे गवत कंबरेपर्यंत वाढलेले आणि शेंड्याकडून पिवळे पडू लागलेले. त्यासाठी दारातले झिजलेले काथ्याचे पायपुसणे उत्तम निघाले. त्यातून चिमटीत येईल एवढा झुबका कापायचा, बुडाशी फेव्हिकॉलचा थेंब द्यायचा आणि डोंगरावर टोचलेल्या भोकात उभा करायचा. बुडाला पातळ हिरवा रंग लावला आणि वर काथ्याचा मूळ रंग तसाच ठेवला की ऑक्टोबरमधले रान तयार होते. बारीक गवतासाठी सुतळीचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे, तटाच्या सांध्यांत उगवलेल्या झुडपांसाठी भांडी घासायची हिरवी घासणी फाडून.

मातीसाठी चहाचा चोथा. तो दोन पाण्यांतून धुवून घ्यावा, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात, आणि पावसाळ्यात तो वाऱ्यावर वाळत नाही, म्हणून मंद आचेवर तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परतावा. तो काळ्या जमिनीचा रंग देतो. डोंगरउताराच्या मुरुमासाठी गेरू आणि विटेचा चाळलेला चुरा मिसळला. गेरू वाण्याकडे २० रुपयांत पुष्कळ मिळाला आणि तो उन्हाने उडत नाही. हळद रंगासाठी चुकूनही वापरू नये. पहिल्या दिवशी ती सुंदर दिसते, पण उजेडात काही आठवड्यांतच फिकी पडते. हे सारे पसरण्यापूर्वी जागेवर निम्मे फेव्हिकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण लावायचे, वरून चोथा भुरभुरायचा, आणि वाळल्यावर एक भाग फेव्हिकॉल आणि चार भाग पाणी अशा पातळ द्रावणात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून फवारणीच्या बाटलीने शिंपडायचे. साबणाचा थेंब नसला तर पाणी मण्यांसारखे वर थांबते आणि माती पकडली जात नाही.

झाडांच्या पानांसाठी गादीतला जुना फोम तुकडे करून पाण्यासकट त्या फुली मारलेल्या भांड्यात फिरवला, पिळून रंगात बुडवला आणि वर्तमानपत्रावर वाळवला. तीन छटा लागतात: गडद, मध्यम आणि पिवळसर. गडद तुकडे आत व खाली आणि पिवळसर वरच्या बाजूला लावले की झाडावर ऊन पडल्यासारखे वाटते. ओलांड्याच्या खोडाला फांद्या कमी असतात, तिथे केरसुणीच्या काड्या फेव्हिकॉलने जोडल्या. प्रत्येक झाड जुन्या नाण्यावर उभे केले, कारण खेळात झाडे हलवावी लागतात आणि वजनदार बूड असले की ती पडत नाहीत.

ऑगस्टमध्ये सैनिकांचे एक प्रकरण मध्येच उपटले. भाच्याने मोगल घोडेस्वारांसाठी परदेशातून एक पेटी मागवली होती. कुरियर कंपनीने आधी आधारची प्रत आणि स्वाक्षरी केलेले घोषणापत्र मागितले, ते दिल्यावर पेटी सीमाशुल्क विभागाच्या तपासणीत राहिली, कारण बिलावर विक्रेत्याने नुसते ‘टॉय’ असे लिहिले होते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे, प्रमाणन सक्तीचे झाले आहे आणि तो आदेश चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. विक्रेत्याकडून, ही न जोडलेली, न रंगवलेली प्रतिकृती असून चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, असे पेटीवर छापलेलेच वर्णन लेखी मागवले, ते जोडले आणि शुल्क भरल्यावर गणपतीच्या आठवड्यात पेटी घरी आली. मागवतानाच बिलावर पूर्ण आणि खरे वर्णन लिहायला सांगावे, एवढीच यातली सूचना. दरम्यान मी घोड्यांच्या जागी चिंचोके मांडून वाटांची रुंदी तपासून घेतली.

दमदमा सप्टेंबरमध्ये केला. सासूबाईंच्या देवघरातल्या जळून उरलेल्या उदबत्त्यांच्या काड्या वर्षभर साठवलेल्या होत्या. बांबूच्या असल्याने त्या सरळ राहतात आणि फुटत नाहीत. उभे खांब आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून, आडव्या तुळया उदबत्तीच्या आणि सांध्यांना शिवणाच्या दोऱ्याच्या बांधण्या. नुसत्या फेव्हिकॉलवर उभा केलेला मनोरा हाताळताना डुगडुगतो, दोरा बांधून वर फेव्हिकॉल लावला की तो पक्का होतो आणि खऱ्या बांधणीसारखाही दिसतो. मजल्यांना कठडा, प्रत्येक मजल्यावर सहा सैनिक मावतील एवढी जागा. किल्ल्यातल्या लाकडी तोफांसाठी बॉलपेनची नळी घेतली आणि फाटलेल्या पर्सचे कातडे पातळ तासून त्यावर गुंडाळले. त्या तोफा सबंध मैदानावर सर्वांत लहान आहेत, परंतु सभागृहात लोक सर्वांत जास्त वेळ त्यांच्यापाशीच थांबले.

पाण्याच्या टाक्यांना तळाशी काळपट हिरवा रंग आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचे पातळ थर दिले, प्रत्येक थर एक दिवस वाळवून. फेव्हिकॉलचे पाणी करण्याची सूचना वाचनात येते, पण जाड थर नीट वाळत नाही आणि दमट हवेत दुधाळ होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रंगकाम झाले. संपूर्ण डोंगराला आधी काळा ॲक्रिलिक आणि फेव्हिकॉल समप्रमाणात मिसळून हात दिला, म्हणजे लगद्याचे कण सुटत नाहीत. त्यानंतर कोरड्या ब्रशने, म्हणजे ब्रशला लागलेला रंग कापडावर जवळजवळ पुसून टाकून, उंचवट्यांवरून गडद राखाडी, मग मध्यम, मग अगदी थोडा फिका राखाडी फिरवला. रविवार कारंज्याजवळच्या रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगात घालायचे स्टेनर लहान बाटल्यांत मिळतात. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये ते मिसळले तर कलावंतांच्या नळ्यांच्या मानाने खर्च फारच कमी येतो. बेसाल्टसाठी शुद्ध काळा-पांढरा राखाडी वापरू नये, त्यात तपकिरीचा थेंब घालावा. शंका आली की रामशेजला जाऊन पाहावे. मी सकाळच्या उन्हात काढलेली छायाचित्रे समोर ठेवूनच छटा ठरवल्या.

राहिली कागदपत्रे. सोसायटीचे सभागृह दिवाळीत सर्वांनाच हवे असते, म्हणून अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस दिला होता. समितीची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी होते, त्यामुळे तोवर उत्तर नाही. बैठकीनंतर सचिव म्हणाले, “वहिनी, कोणाचीच हरकत नाही, फक्त नुकसानभरपाईचं हमीपत्र शंभराच्या स्टॅम्पपेपरवर आणून द्या.” ते आणीपर्यंत १६ ऑक्टोबर उजाडला आणि त्या दिवसापासून राज्यात शंभरच्या जागी पाचशे रुपयांचे मुद्रांक लागू झाले. तीन तासांच्या खेळासाठी पाचशेचा मुद्रांक समितीलाही जास्त वाटला आणि साध्या कागदावर दोन सभासदांच्या साक्षीने हमीपत्र स्वीकारले गेले. १५ ऑक्टोबरपासून विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागल्यामुळे फलकावर कोणाचेही छायाचित्र नको, अशी आणखी एक अट आली. आमच्या फलकावर फक्त डोंगराचे चित्र होते. अनामत २,००० रुपये, स्वच्छतेचे ५०० आणि विजेचे २००, असे भरून पावती घेतली. अर्जातच टेबलांची संख्या, विजेच्या जोडण्या, भिंतीला खिळे मारणार नाही आणि थर्माकोल वापरलेले नाही, हे लिहून टाकावे. त्यामुळे विचारणेचा एक फेरा वाचतो.

पाडव्याच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, दुपारी चारला खेळ सुरू झाला. मराठ्यांकडून सोसायटीतली शाळकरी मुले, मोगलांकडून त्यांचे वडील आणि पंच भाचा. रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांची मदतीला येणारी फौज टेबलाच्या कोणत्या कडेवरून आत यावी, यावर अर्धा तास वाद चालला. दमदम्याचा एक आडवा दांडा एका काकांच्या शर्टाच्या बाहीत अडकून तुटला, दोऱ्यामुळे बाकीचा मनोरा उभा राहिला. काथ्याचे गवत हाताखाली दबून पुन्हा उभे राहत होते, ही त्याची मला आधी न सुचलेली सोय. किल्ला त्या दिवशी पडला नाही, परंतु मदतीची फौजही आत पोचली नाही, आणि दोन्ही बाजूंनी आपणच जिंकल्याचे सांगत फराळ केला.

सैनिक आणि सभागृह सोडून एकूण खर्च २,७०० रुपयांच्या आत राहिला: प्लायवूड आणि चौकट ८५०, फेव्हिकॉल ६२०, रंग आणि स्टेनर ७४०, पुट्टी, कटरची पाती आणि किरकोळ १९०, मिक्सरचे भांडे १५०, झेरॉक्स ६० आणि गेरू २०. वेळ मात्र भरपूर लागतो, आणि त्यातला मोठा भाग वाळण्याची वाट पाहण्यात जातो. मार्चमध्ये सुरुवात करणाऱ्याला मेअखेरपर्यंत सगळी ओली कामे उरकता येतील.

ठेवण्याविषयी थोडे. पाट उभे न ठेवता आडवे, पलंगाखाली, वर जुनी सुती चादर घालून ठेवले आहेत. प्लास्टिकने झाकले तर आत दमट होते. झाडे आणि सैनिक द्राक्षांच्याच उरलेल्या खोक्यांत, कागदाच्या कपच्यांत. डांबराच्या गोळ्या टाकू नयेत, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिनचे सैनिक मऊ पडून चिकट होतात. त्याऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला आहे आणि तो दर तीन महिन्यांनी बदलते. अनामत डिसेंबरच्या बैठकीनंतर धनादेशाने परत मिळाली, त्यासाठी मूळ पावती दाखवावी लागली.